सिकंदर आणि पाण्याची पाळी

बुधवार, २८ फेब्रुवारी १९७९

राखेचा बुधवार, आजपासून ईस्टरपर्यंत उपासकाळ. मिस्साला गेलो ते हेलनने ढकललं म्हणून. हेलन माझी थोरली बहीण, शाळेत शिकवते. आई गेल्यापासून घर तिच्या पगारावर आणि त्याहून जास्त तिच्या धाकावर चालतं.

फादरांनी प्रवचनात सिकंदर काढला. मरताना तो म्हणे म्हणाला, माझे हात शवपेटीच्या बाहेर राहू द्या, जग जिंकणारा रिकाम्या हाताने गेला हे लोकांना दिसू दे. पुढच्या बाकावर शेजारची सालोमी मावशी पदराने डोळे टिपत होती. मी मागे चरफडत बसलो. सातिवलीला रद्दीच्या गोदामात मी महिनाभर टिकलो होतो, तिथून सिकंदराचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलंय. कव्हर नाही, शेवटची पानं कुणीतरी चण्याच्या पुड्यांना वापरलीत. पण त्यात असला रडका सिकंदर नाही. मिस्सा सुटल्यावर फादरांना गाठलं आणि सांगितलं, हातांची गोष्ट लोकांनी मागाहून चिकटवलेली आहे.

फादर म्हणाले, "असेल. मग खरं काय झालं?"

मला सांगता येईना. पुस्तकाची मी तीसेक पानं वाचलीत. त्यात तो अजून पोरगा आहे आणि घोड्यावर बसतोय.

घरी येईपर्यंत डोकं तापलं. ठरवलं, हा माणूस मुळापासून अभ्यासायचा. नुसता अभ्यास नाही, मे महिन्यात क्रुसाच्या सणाला आपल्या आळीचं जे नाटक होतं ते यंदा सिकंदरावर, आणि लिहिणार मी. हेलनला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तू सुरू केलेलं एक तरी काम संपलेलं दाखव." मग मॅट्रिक, वायरमनचा कोर्स, नाशिकचा ट्रक, डहाणूचं हॉटेल, सगळं खड्यांसारखं एकेक वेचून बाजूला ठेवलं. मॅट्रिकला मी दोनदा बसलो होतो हे ती सोयीस्कर विसरते.

शनिवार, ३ मार्च

आळीच्या क्रुसापाशी मीटिंग झाली. गेल्या वर्षीच्या नाटकात अर्धी आळी झोपली होती, त्यामुळे सिकंदर म्हटल्यावर सगळे खूश. अडलं ते उपासकाळावर. जुनी माणसं म्हणाली, प्रभूच्या दुःखाच्या दिवसांत कसल्या तालमी? शेवटी फादरांनी तोड काढली: ईस्टरपर्यंत नुसतं वाचन, पेटी नाही, पोशाख नाही.

सिकंदर कॉन्रॅडच. सालोमी मावशीचा मुलगा, माझ्या बरोबरीचा, शेजारचा. उंच, सरळ नाकाचा, आणि बोलतो कमी, म्हणजे माझी वाक्यं नीट बोलेल. पण तो नको नको करायला लागला. त्याच्या काकाने विहिरीलगतचा आपला तुकडा त्याला दिलाय, तिथे त्याने नवी पानवेल लावलीय. काकाची अट अशी, की पाऊस लागेपर्यंत वेल जगवून दाखवली तर तुकडा कायमचा कॉन्रॅडकडे. नाही जगली तर काका तो विकणार, आणि कॉन्रॅडने सातिवलीच्या कारखान्याची वाट धरायची. कारखान्यात त्याला जायचं नाहीये. मी म्हणालो, अरे वेल आहे ती, आपली आपण चढते. बाकीचे हसले. सालोमी मावशी नाही हसली, पण तिनेच मग त्याला म्हटलं, "कर रे. एकदा तरी तुला उजेडात बघू दे."

व्हिन्सेंट म्हातारा सरदार. तो सातिवलीला फिटर आहे, पन्नाशीचा, दरवर्षी नाटकात मरतो आणि छान मरतो. पोरस राजा मधू. मधू मिठागरावरचा, आपल्यातला नाही, पण दर सणाला पेटी वाजवायला तोच येतो, आणि अंगाने एवढा थोराड माणूस दुसरा नाही. पुस्तकात पोरसही तसाच आहे.

व्हिन्सेंट निघताना म्हणाला, "नाव ज्युलियस आणि लिहितो सिकंदर. आधी हेलनकडून स्वतःचं घर तरी जिंक."

सोमवार, १२ मार्च

इंग्रजी माझं लंगडं. एका पानाला तासभर जातो. हेलन जेवताना अर्थ सांगते, पण प्रत्येक शब्दामागे एक टोमणा.

घोड्यापाशी अडकलो. बापाने विकत आणलेला घोडा कुणाला ऐकेना, तेव्हा या पोराने ओळखलं की तो स्वतःच्या सावलीला बुजतोय. तोंड उन्हाकडे वळवलं आणि बसला वर. हे खरं असेल का? शुक्रवारी वसई स्टेशनवर टांग्याचे घोडे बघायला गेलो. एका टांगेवाल्याने मला घोडा उलटसुलट फिरवू दिला, मग म्हणाला आता बसलाच आहेस तर दोन फेऱ्या मार. संध्याकाळपर्यंत टांगा हाकला. शनिवारीही गेलो. निष्कर्ष: घोडा सावलीला भीत नाही, एस.टी.ला भितो.

नाटकाचं एक पान झालंय. बरं आहे. थोडं लांबलंय.

सोमवार, १९ मार्च

कालची तालीम म्हणजे नुसता डोक्याला ताप.

आधी मधू. त्याला झेलमच्या काठची लढाई वाचून दाखवली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी हरनार नाय." मी समजावलं, पोरस हरतो पण मानाने हरतो. त्याचं एकच, "आमची मानसं येनार सनाला. मिठागरातली सगळी. त्यांच्यासमोर मी त्या परदेशी मानसापुढं गुडघा टेकू?" मी म्हणालो, इतिहास आहे. तर म्हणतो, "इतिहास त्यांनीच लिवला ना?" बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरसच जिंकला होता असं इथे लहान पोरही सांगेल. कुठल्या कागदावर ते विचारू नका.

मग कॉन्रॅड. तास उशिरा आला, पायाला चिखल. काल त्याची पाण्याची पाळी. त्यांची विहीर चार घरांत आहे, मार्चपासून दिवसभर झरते तेव्हा कुठं संध्याकाळी एका घरापुरतं पाणी साठतं. रोज एक घर. आणि विहिरीचा जुना नियम असा, की दिवेलागणीला ज्याचा माणूस इंजिनापाशी नाही त्याची पाळी पुढच्या घराला. त्यांचं झाल्यावर उरलं तर तुमचं. पुढचं घर लोपीसांचं.

मी म्हटलं, मग सोपं आहे. तुझ्या पाळीला आधी लोपीसला घेऊ दे, तालीम सुटली की उरलेलं तू घे. पाणी ते पाणीच. कॉन्रॅड माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी जाऊन लोपीसला स्वतः सांगून आलो. लोपीस एरवी कुणाशी धड बोलत नाही, पण काल त्याने मला खुर्ची दिली, केळी दिली, नाटक मोठं करा म्हणाला. लोक उगाच त्याला वाईट म्हणतात.

गुरुवार, २९ मार्च

हत्ती मिळाला!

रविवारी आगाशीच्या बाजारात गेलो होतो टिनाचे पत्रे बघायला, ढालींसाठी. तर देवळापाशी बैरागी आणि हत्ती. पोरसाचा हत्ती! आळीत कुणी स्वप्नातही पाहिला नसेल असं नाटक होईल. बैराग्याला विचारलं, तो म्हणाला नाशिककडे निघालोय, चालता चालता बोलू. चालता चालता विरार ओलांडलं. सोमवारी पुढे डोंगरापर्यंत. हत्ती चालतो फार हळू, पण थांबत नाही. त्याच्या मागून चालताना मला सिकंदर प्रथमच कळल्यासारखा वाटला. पुढे काहीतरी मोठं चाललंय आणि आपल्याला फक्त त्याच्या मागे जायचंय, जेवणाखाण्याचं कुणीतरी बघेल. मंगळवारी बैराग्याने सांगितलं की हत्ती मे महिन्यात नाशिकलाच असणार. हे त्याला रविवारी सांगता आलं नसतं का?

बुधवारी चालत, ट्रकने, पुन्हा चालत घरी. पायाला फोड.

सोमवारची, मंगळवारची तालीम मी नसल्याने झाली नाही. सगळे क्रुसापाशी येऊन बसले होते म्हणे. कुणी मला काही बोललं नाही. हेच मला आवडलं नाही. ओरडले असते तर मीही दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

सोमवार, ९ एप्रिल

काल झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. संध्याकाळी वाचन घेतलं.

पुस्तकात पुढचा एक प्रसंग हेलनने वाचून दाखवला आणि मी उडालो. परतीच्या वाटेवर वाळवंटात सैन्य तहानेने मरतंय. एक शिपाई कुठून तरी शिरस्त्राणभर पाणी आणतो, सिकंदराला देतो. सिकंदर सगळ्यांकडे बघतो आणि पाणी वाळूत ओतून टाकतो. मी एकटा पिणार नाही! याच्यापुढे कसला हत्ती! लगेच प्रसंग लिहून काढला आणि काल करून पाहिला, खऱ्या पाण्याने. दूधवाल्याचं माप शिरस्त्राण म्हणून घेतलं. कॉन्रॅडने एकदा ओतलं, बरोबर जमलं नाही. दुसऱ्यांदा फार हळू. असं पाच-सहा वेळा झालं.

आळीतली माणसं कुंपणापाशी उभी राहून बघत होती. मला वाटलं भारावलीत. सालोमी मावशी म्हणाली, "काय करतोय तो? पाणी टाकतोय?"

मी प्रसंग समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग त्यांना दे की थोडंथोडं. टाकायचं कशाला? एवढा मोठा राजा आणि वाटून घ्यायची अक्कल नाही?"

माणसं हसली. इथल्या लोकांना मोठेपणा म्हणून काही कळतच नाही. मग तिने पुन्हा विचारलं की हात बाहेर ठेवायचा सीन कधी आहे. मी सांगितलं, नाहीये. तिचा चेहरा उतरला.

कॉन्रॅड मात्र सहाव्या वेळी माप खाली ठेवून म्हणाला, "आज एवढंच." त्याच्या वेलीची पानं कडांनी जळल्यासारखी व्हायला लागलीत म्हणे. पाणी तर तो पाळीला देतोय. मला वाटतं त्याला शेतीचं तितकंसं जमत नाही. अभिनयाकडे लक्ष दिलं तर तो खरंच पुढे जाईल.

बुधवार, १८ एप्रिल

ईस्टर झाला. आता पेटी आहे, पोशाख आहेत, तरी कुणाचा जीव लागत नाहीये.

मी इतका अभ्यास करतोय त्याची कुणाला किंमत नाही. इराणच्या राजवाड्याला त्याने दारू पिऊन आग लावली, ते परवा वाचलं. त्यामुळे पहिला अंक बदलला. पोरं म्हणाली आम्हाला जुनं पाठ झालं होतं. मग काय आग सोडून देऊ? आपल्या जिवलग मित्राला त्याने रागाच्या भरात भाल्याने मारलं, तेही आता वाचलं, तर दुसरा अंक पण हलवावा लागेल. व्हिन्सेंट डबल शिफ्ट करून आला होता, आपल्या वाक्यांच्या मधेच भिंतीला टेकून घोरायला लागला. मी त्याला हलवलं आणि सगळ्यांसमोर बोललो, हिंदुस्थानच्या वेशीपर्यंत चालत आलेला सरदार असा झोपतो का? व्हिन्सेंटने डोळे चोळले आणि वाक्य बोलला. चुकीचं, कारण ते जुन्या अंकातलं होतं.

दीड महिना मी एकटा या माणसांना ओढतोय. सिकंदराचं बरं, त्याच्या मागे सैन्य होतं.

मंगळवार, २४ एप्रिल

झालं. सगळं संपलं.

काल कॉन्रॅड तालमीला आलाच नाही. वाट बघितली, मग सगळ्यांना घेऊन विहिरीवर गेलो. कॉन्रॅड इंजिनाचं हँडल हातात घेऊन उभा. शेजारी लोपीस, तोंड वाकडं करून, कारण दिवेलागण होऊन गेली तरी कॉन्रॅड हलला नव्हता. मी म्हणालो, चल. तो म्हणाला, नाही येणार. मी म्हणालो, सण तीन आठवड्यांवर आलाय, मुख्य माणूसच नाही आला तर नाटक उभं कसं राहणार, आणि पानाच्या चार वेलींसाठी तू सगळ्यांचं वाटोळं करणार का? खूप बोललो. बियास नदीपर्यंत आलोय आणि आता माघार, असंही काहीतरी बोललो.

बोलला व्हिन्सेंट. त्याने टोपी काढून हातात घेतली होती, कशाला कोण जाणे.

"ज्युलियस, तू बोलावलंस तेव्हा आलो. मी शिफ्ट करून आलो. हा मधू दिवसभर मिठात उभा राहून, भेगाळलेल्या पायांनी आला. तू हत्तीमागं गेलास, आम्ही बसून वाट बघितली. तू तीनदा अंक बदललेस, आम्ही तीनदा पाठ केले. तुझ्यासाठीच केलं, दुसऱ्यासाठी नाही केलं. आता या पोराची वेल जळते आहे. तुला अजून किती नद्या ओलांडायच्या आहेत ते आम्हाला सांगू नकोस. आम्हाला घरी जाऊ दे."

मधू म्हणाला, "बरोबर बोलला."

कॉन्रॅडने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, आणि त्या आवाजात मी जे काही बोललो ते कुणाला ऐकू आलं नाही. मला वाटतं ते बरंच होतं.

हीच लायकी. यापुढे या आळीसाठी मी एक ओळ लिहिणार नाही. डहाणूच्या हॉटेलवाल्याने परत बोलावलंय. परवाच निघतो.

शनिवार, २८ एप्रिल

गेलो नाही. पायाचे फोड अजून पुरते बरे नाहीत.

मंगळवार, बुधवार, गुरुवार माळ्यावरच होतो. हेलन जेवण शिडीपाशी ठेवून जायची. खाली कुणी आलं की मी झोपल्याचं सोंग करायचो. कुणी समजूत घालायला येईल असं वाटलं होतं. आले ते दोघे, एक मच्छीवाली आणि एक विजेच्या मीटरवाला.

करमेना म्हणून पुस्तक पुढे वाचलं. बियास नदीपाशी सैन्य अडलं, म्हातारा सरदार उठला आणि म्हणाला आता घरी जाऊ. यावर आपले महाशय काय करतात? तीन दिवस तंबूत रुसून बसतात! कुणाला भेटत नाहीत, वाट बघतात की सैन्य येऊन रडेल. कुणी आलं नाही. मला इतका राग आला. जग जिंकायला निघालेला माणूस, आणि वागणं पाळण्यातल्या पोराचं. हेलनला शिडीवरून हे वाचून दाखवलं तर ती बराच वेळ हसली. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही.

हसून झाल्यावर म्हणाली, लोपीस तुझी चौकशी करत होता, तालमी पुन्हा कधी सुरू होणार विचारत होता. मी म्हणालो, बघ, एकालाच नाटकाची काळजी.

मग तिचं हसू गेलं. ती म्हणाली, "एप्रिलमध्ये आपल्याकडच्या विहिरींना वरचं पाणी गोडं आणि तळाचं खारं, हे तुला खरंच माहीत नाही? आळीतल्या पहिलीच्या पोराला माहीत आहे. तू त्याला महिनाभर लोपीसच्या मागचं पाणी पाजायला लावलंस."

मी म्हणालो, मग तो बोलला का नाही? ती म्हणाली, "तुला? तू सांगितलेलं त्याने कधी नाही केलंय?"

काल संध्याकाळी कॉन्रॅडचीच पाळी होती. गेलो. तो वरच्या सऱ्यांना पाणी देत होता. इंजिन बंद व्हायच्या बेताला आलं तेव्हा पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. थुंकलं. वेलींच्या बुडाशी मातीवर पांढरी साय धरल्यासारखं होतं. मधल्या दोन ओळी गेल्यातच जमा. बाकीच्या धरून आहेत.

रात्री जेवणाआधी सरदाराचं भाषण लिहायला घेतलं. पुस्तकातलं पानभर आहे आणि कंटाळवाणं. विहिरीवर व्हिन्सेंट बोलला ते चांगलं होतं, ते जसंच्या तसं उतरवलं, फक्त हत्ती काढला. त्याला सांगायचं नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

बुधवार, २ मे

तालमी सुरू. मी काही माफीबिफी मागितली नाही. एवढंच जाहीर केलं की यापुढे अंक बदलणार नाहीत, आणि कॉन्रॅडच्या पाळीची तालीम विहिरीवर होईल. व्हिन्सेंट म्हणाला, "म्हणजे तह झाला." मी म्हणालो, तह नाही, सोय.

काल विहिरीवर झाली. इंजिन ठक ठक ठक, कॉन्रॅड हातात फावडं घेऊन एक सरी बंद करतो, दुसरी उघडतो, आणि तिथूनच ओरडून वाक्यं म्हणतो. इंजिनाच्या वर आवाज जायला हवा म्हणून सगळेच केकाटतात. लोपीस कठड्यावर येऊन बसला होता दिवेलागणीच्या आधीपासून, कुणी चुकतंय का बघत. चुकलं नाही. बसून बसून त्याने पहिला अंक सगळा ऐकला आणि जाताना म्हणाला, आगीचा भाग बरा आहे.

मधूचं काही मिटत नाही. तो लढाईत पडायला तयार नाही. चिंचोटीहून लाकडी हत्तीचं सोंड-डोकं करून आणलंय, खाली दोघे जण, वर मधू. खाली उतरायचं नाही म्हणतो. मी नाद सोडलाय.

शिरस्त्राणाचा प्रसंग ठेवलाय. रिकाम्या मापाने तालीम करतो.

शनिवार, १२ मे

उद्या सण. क्रूस रंगवला, पताका लागल्या, भोंगा आंब्यावर चढवला. बाकी पूजेचं बायकांनी सांभाळलंय. आणि आज दुपारी सालोमी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, उद्याची पाळी आमची.

मी मनात मोजलं. खरंच. तिने ते कधीच मोजून ठेवलं असणार.

दिवेलागणीला लितानीची प्रार्थना, मग नाटक. कॉन्रॅड तेव्हा रंग लावून बसलेला असणार. पाळी चुकली तर पुढची चार दिवसांनी, आणि आत्ता कुठं त्या वेलींनी मान वर केलीय. काका सोमवारी बघायला येणार आहे. मावशी म्हणाली, मीच राहते विहिरीवर. मी विचारलं, हँडल मारता येईल का? म्हणाली, कुणाला तरी सांगेन मारायला, नंतर फावडं तर चालवता येतं. कुणाला सांगणार? सगळी आळी क्रुसापाशी. आणि हिने मुलाला उजेडात बघायचं म्हणून मार्चपासून जपमाळ ओढलीय.

मी म्हणालो, मी थांबतो. तसंही स्टेजवर माझं काय काम आहे? वाक्यं सांगायला हेलन आहे, आणि मधू काय धिंगाणा घालणार ते मला बघवणार नाही.

मावशीने उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. मला ते आवडत नाही.

सोमवार, १४ मे

नाटक झालं. मी पाहिलं नाही.

लोपीस दिवेलागणीला विहिरीवर आला होता, नवा शर्ट घालून. मला इंजिनापाशी बघून त्याने घड्याळात बघितलं आणि निमूट क्रुसाकडे गेला. हँडल तिसऱ्या झटक्याला लागलं, दुसऱ्याने अंगठा सोलला.

इंजिनापाशी भोंग्याचं काहीच ऐकू येत नाही. पहिला अंक मी ठक ठक ठक एवढाच ऐकला. मग लक्षात आलं, वाडीच्या पार टोकाला, शेवटच्या ओळीपाशी आवाज पोचतो. पण तिथे जायचं तर आधी मधल्या सगळ्या सऱ्या भरून पाणी तिथवर न्यायला हवं, नाहीतर इकडे फुटून लोपीसच्या केळीत जाणार. एक सरी भरली की माती लावून बंद, पुढची उघडायची. माझ्या आयुष्यात मी एवढ्या घाईने काम केलं नाही.

टोकाला पोचलो तेव्हा पोरसाची लढाई चालू होती. प्रचंड टाळ्या, शिट्ट्या. मधू हत्तीवरून उतरलाच नाही हे मला न बघता कळलं. कॉन्रॅडचा आवाज आला, "मग तू तिथूनच बोल, मी इथून ऐकतो." हे वाक्य माझं नाही.

मग बियास. व्हिन्सेंट बोलायला लागला. भोंग्यातून त्याचा आवाज फाटका येत होता, तरी एकेक शब्द कळत होता. "तुझ्यासाठीच केलं, दुसऱ्यासाठी नाही केलं." तिकडे क्रुसापाशी एकदम शांत झालं. मी फावडं टेकून उभा होतो. पाणी पायावरून पुढे चाललंय हे मला जरा उशिरा कळलं.

यानंतर सिकंदराचं पानभर भाषण आहे. त्या पानासाठी मी सहा दिवस घातलेत. कॉन्रॅड म्हणाला, "बरं. चला घरी."

एवढंच! टाळ्या थांबेनात. मी त्या अंधारात एकटा उभा राहून त्याला शिव्या घातल्या. मग पुढची सरी उघडायला गेलो आणि शिरस्त्राणाचा प्रसंग हुकला. परत आलो तेव्हा लोक हसत होते, आणि हसता हसता कुणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज. काय झालं कळेना.

सकाळी हेलनने सांगितलं. मापात खरं पाणी होतं, कुणी भरलं कुणास ठाऊक. कॉन्रॅडने माप उचललं, ओतायला वाकडं केलं, आणि थांबला. समोर पहिल्या रांगेत त्याची आई. त्याने माप व्हिन्सेंटला दिलं. व्हिन्सेंट एक घोट प्यायला, पुढच्याला दिलं. मधूला हत्तीसकट परत बोलावून पाजलं. शेवटचा घोट सिकंदर प्यायला. सालोमी मावशी मोठ्याने म्हणाली, "असं!"

अडीच हजार वर्षांचा इतिहास एका मापात बुडवला. हेलनला म्हणालो, मी फादरांना काय तोंड दाखवू? ती म्हणाली, फादरांनीच सर्वांत आधी टाळी वाजवली.

काका दहा वाजता आला. ओळींतून फिरला, एक पान उलटं करून बघितलं, मातीत बोट घातलं. मधल्या मेलेल्या ओळींपाशी थांबला. कॉन्रॅडच्या कानामागे अजून रंग होता. काका म्हणाला, पावसापर्यंत बघू, पण ओल चांगली आहे. रात्री कोण होतं पाण्यावर? कॉन्रॅडने माझ्याकडे बोट केलं. काकाला ते खरं वाटलं नाही.

तो गेल्यावर मावशी पेजेचं भांडं घेऊन आली. माझ्या तळहातांकडे बघितलं, फोड आलेत दोन्हींवर, त्यांना खोबरेल लावलं. म्हणाली, हातांचं तू शेवटपर्यंत नाही दाखवलंस. मी म्हणालो, शेवटची पानंच नाहीत माझ्याकडे, सांगितलं ना.

डहाणूच्या हॉटेलवाल्याला काही कळवलं नाहीये अजून. आज लोपीसची पाळी. आमची गुरुवारी.